रुळावरची लाल झेंडी
(लेखांक ६)

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर पेशीवर काय ओढवतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्या तुटण्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांविषयी.

डहाणू रोडच्या आसपास रुळांवरून चालत जाणारा गँगमन कुणी पाहिला नाही? रुळाला तडा दिसला की तो लगेच तडा सांधायला बसत नाही. आधी लाल झेंडी. तीही तड्यापाशी नाही; गाडी वेळेत थांबावी म्हणून बरंच अंतर चालून जाऊन लावायची, रुळावर फटाके ठेवायचे. पेशीचंही असंच चालतं.

आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यांपैकी एक एच-टू-ए-एक्स. धागे तुटले की एटीएम नावाचं विकर (बँकेच्या यंत्राशी याचा काही संबंध नाही) या प्रथिनाच्या शेपटीकडच्या १३९व्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतं. झेंडी लागली! आणि एक नाही, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांपर्यंत. दुरुस्तीची प्रथिनं ती पाहून गोळा होतात आणि काम उरकलं की फॉस्फेट काढून टाकलं जातं. एमी रोगाकू आणि विल्यम बॉनर यांनी अमेरिकेत १९९८ साली ही खूण ओळखली. तिचं नाव गॅमा-एच-टू-ए-एक्स.

त्याच १९९८ साली अमेरिकेत सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाला मान्यता मिळाली. निव्वळ योगायोग, पण डहाणू-तलासरीत बसून लिहिताना तो सोडवत नाही. इथल्या आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही. त्यात डीएनए तुटलेला नसतो, हे आधी सांगायला हवं. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि ते आईकडून नि बापाकडूनही आलं तर आजार होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात.

डीएनएला धक्का देतं ते औषध. हायड्रॉक्सीयुरियामुळे डीएनएच्या नव्या प्रतीसाठी लागणाऱ्या विटाच पुरेशा तयार होत नाहीत, आणि मज्जेतल्या वाढत्या पेशींमध्ये प्रत काढण्याचं काम मध्येच अडतं. मग एटीएमचं भावंड एटीआर झेंडी लावतं. इथे रूळ तुटलेलाच असेल असं नाही, गाडी अडकली तरी झेंडी लागते. या ताणातूनच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं असं मानतात, आणि ते वाढलं की पेशी कमी वाकतात. म्हणजे झेंडी दिसली म्हणून रोग, असं म्हणता येत नाही. मला तर या खुणेबद्दलची सगळी भीती याच गैरसमजातून आलेली वाटते. एच-टू-ए-एक्स काढून टाकलेल्या उंदरांमध्ये नर वांझ निघाले, प्रतिकारशक्तीही कमी पडली. कारण शुक्रपेशी आणि प्रतिकारपेशी घडताना शरीर स्वतःच डीएनए कापतं, जोडतं. उलट कर्करोगाच्या वाटेवरच्या गाठींत या झेंड्या उतरतच नाहीत, लागलेल्याच राहतात.

तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारीच आहे, तेव्हा किरणोत्साराचा विषयही निघणारच. केरळच्या किनाऱ्यावर, जिथे वाळूतच थोरियम आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी रहिवाशांच्या रक्तपेशींतल्या या झेंड्या मोजल्या. कमी किरणोत्साराच्या भागातल्या लोकांपेक्षा त्या जास्त निघाल्या नाहीत.

पुन्हा हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीकडे येऊ. मज्जेलाच धक्का देणारं औषध असल्यामुळे ते सुरू असेपर्यंत ठरावीक काळाने रक्त तपासून पेशी मोजाव्या लागतात. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं लागतं. गोळी रोज घ्यायची असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या बोटीवर गेलेल्या माणसाला महिन्याची तपासणी कुठे करायची, हा प्रश्न प्रथिनांपेक्षा अवघड आहे. ऊन, तहान आणि अंगमेहनत तर तिथे कळा उठवायला टपलेलीच असतात.