लोखंड, ॲल्युमिनियम आणि सहा शतांश मिलिमीटर

होंडाने १९९५ साली जपानमध्ये इंटिग्रा टाइप आर आणली, तेव्हा तिचं १७९७ सीसीचं बी१८सी इंजिन टर्बोशिवाय २०० अश्वशक्ती देत होतं. रस्त्यावरच्या गाडीसाठी हे अचाटच होतं. तरीही अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी या जातीच्या इंजिनांना टर्बो जोडले, ताकद दुप्पट-तिप्पट केली, आणि मग ब्लॉक दगा देऊ लागले.

दोष त्या ब्लॉकच्या रचनेत दडलेला आहे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे पातळ लायनर. चारही सिलिंडर वरच्या टोकाला सुटे उभे आणि त्यांच्याभोवती पाणी खेळतं. याला ‘ओपन डेक’ म्हणतात. रोजच्या वापराला ही रचना उत्तम. वजन कमी, थंडावा चांगला, ओतकामही सोपं. पण ज्वलनाचा सर्वांत मोठा दाब नेमका त्याच सुट्या टोकाशी येतो. तो १०० बारवर गेला की ८१ मिलिमीटरच्या पिस्टनच्या माथ्यावर सुमारे पाच टनांचा भार पडतो, आणि तोच दाब भिंतींनाही बाहेर रेटतो. सिलिंडर किंचित हलू लागतात, हेड गॅस्केट फुटतं, कधी लायनरलाच उभी चीर जाते.

यावरचा उपाय म्हणजे जुने लायनर कातून काढायचे आणि जाड, चिवट स्लीव्ह बसवायच्या. त्या बहुधा डक्टाइल लोखंडाच्या असतात. साध्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात आणि पापुद्र्याच्या टोकाशी चीर सुरू होते. १९४३ मध्ये धातुशास्त्रज्ञ कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं, तेव्हा ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात गोठलं. चिरेला धरायला टोकच उरलं नाही. हेच डक्टाइल लोखंड.

आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनांचे लायनर बदलणं नित्याचं आहे. पण ती इंजिनं मुळात लायनर बदलता यावेत अशीच घडवलेली असतात. होंडाच्या या ब्लॉकमध्ये तशी सोय नाही, म्हणून माझ्या मते स्लीव्ह किती भक्कम आहे यापेक्षा तिची बैठक कशी कातली आहे याला जास्त महत्त्व आहे. भोक स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मुद्दाम पाच ते सात शतांश मिलिमीटर लहान ठेवतात. मग ती आत जाणार कशी? ब्लॉक भट्टीत सुमारे १५० अंशांपर्यंत तापवतात. ८८ मिलिमीटरचं भोक तेवढ्याने जवळपास पाव मिलिमीटर मोठं होतं. स्लीव्ह कोरड्या बर्फात ठेवली तर ती आणखी एक दशांश मिलिमीटर आक्रसते. आता हातमोजे घालून ती सरळ सोडायची. खाली कातलेल्या पायरीवर ती टक्कन टेकते. वाकडी गेली, मध्येच अडखळली, तर दुरुस्तीला वेळ नसतो. काही सेकंदांत दोन्ही धातूंचं तापमान जवळ येतं आणि भोक तिला आवळून धरतं. ब्लॉक निवेपर्यंत वरून दाब कायम ठेवतात, नाहीतर ती केसभर वर सरकते.

खरी परीक्षा पुढेच आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही धातू ६० अंशांनी तापले, तर ८८ मिलिमीटरच्या व्यासावर सहा शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे थंड असताना मिळवलेली जवळपास सगळी पकड गेली! प्रत्यक्षात स्लीव्ह आगीच्या बाजूला असल्याने ब्लॉकपेक्षा जास्त तापते आणि थोडी पकड परत मिळवते. पण नुसत्या त्या पकडीवर विसंबता येत नाही. म्हणून खालची पायरी सपाट, भोकाशी काटकोनात आणि चारही भोकांत एकाच खोलीवर हवी. हेडचे बोल्ट आवळले की स्लीव्ह त्या पायरीवर दाबून धरली जाते. पायरीत खोट राहिली, तर काही काळाने स्लीव्ह खाली बसते, गॅस्केटवरचा दाब सुटतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पुष्कळ महाग इंजिनं अशी गेलेली आहेत.

स्लीव्ह बसल्या की वरचा पृष्ठभाग कातून एकसपाट करतात आणि मग होनिंग, म्हणजे भोकाची आतली भिंत दगडांनी घासून अचूक गोल करणं. त्याआधी हेडच्या जागी जाड धातूची प्लेट ठेवून बोल्ट पूर्ण आवळतात, कारण त्या ताणाने सिलिंडरचा आकार बदलतो. त्या स्थितीत होन केलेलं भोक प्लेट काढल्यावर मोजलं, तर किंचित वेडंवाकडं भरतं. ते तसंच भरायला हवं. हेड आवळलं की ते पुन्हा गोल होतं.