माथेरानचे वाफेचे एंजिन : चढ आणि वळण

मार्च 1870 मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे या जबलपूर येथे एकमेकींस मिळाल्या आणि मुंबई व कलकत्ता ही दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली. हा मार्ग रुंदमापी होता; त्याच्या दोन रुळांमधील अंतर 1.676 मीटर होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत दुसरा मार्ग आणला. तो सातपुड्याच्या डोंगराळ मुलखातून येत असल्यामुळे अरुंदमापी ठेवण्यात आला. त्याच्या रुळांमधील अंतर केवळ 0.762 मीटर होते. एकाच नगरात दोन मापांचे रूळ का असावेत, असा प्रश्न साहजिकच पडतो. डोंगरात मार्ग अरुंद असणे सोयीचे का, आणि तशा मार्गावर एंजिन कसे चालते, हे अधिक स्पष्टपणे पाहावयाचे असल्यास त्याहूनही अरुंद आणि अवघड अशा एका मार्गाकडे वळले पाहिजे. तो मार्ग म्हणजे रायगड जिल्ह्यातील नेरळ ते माथेरान.

अरुंद मार्गाचा लाभ

आगगाडीची दोन्ही बाजूंची चाके एकाच आसावर पक्की बसविलेली असतात. त्यामुळे ती बरोबरीनेच फिरतात. परंतु वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. गाडीने अर्धे वर्तुळ पुरे केले, तर रुंदमापी मार्गावर हा फरक सुमारे 5.27 मीटर होतो, 0.610 मीटर मापाच्या मार्गावर तो अवघा 1.92 मीटर भरतो. चाकांच्या कडा किंचित उतरत्या घडविलेल्या असल्यामुळे या फरकाचा काही भाग भरून निघतो. तीव्र वळणावर मात्र तेवढ्याने भागत नाही; चाक रुळावर घसटते, रूळ झिजतो आणि एंजिनाची शक्ती वाया जाते. माप जितके कमी, तितकी ही घसट कमी. शिवाय अरुंद मार्गासाठी डोंगर कमी खोदावा लागतो व खर्चही वाचतो.

माथेरानचा मार्ग

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली माथेरानचे पठार पाहिले आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. तेथवर आगगाडी नेण्याचे कार्य अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी अंगावर घेतले. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय हे त्यांचे वडील होत. मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याचे मार्गदर्शन लाभले. 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्याचीच निर्मिती होती. सुमारे 16 लाख रुपये खर्चून हा मार्ग पुरा झाला व 1907 च्या मार्चमध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली.

मार्गाची लांबी सुमारे 20 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात गाडीला साडेसातशे मीटरांहून अधिक उंची गाठावयाची असते. त्यामुळे चढ 1:20 इतका आहे. म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. नीलगिरी रेल्वेत अतितीव्र चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून तीत एंजिनाचे दंतचक्र अडकविले जाते. माथेरानला अशी पट्टी नाही. येथे सर्व भिस्त चाक व रूळ यांमधील घर्षणावर आहे.

एंजिनापुढील पेच

1:20 च्या चढावर गाडीच्या दर टन वजनाला 50 किलोग्रॅम ओढ लागते. कोरड्या रुळावर चाकाची पकड त्यावरील भाराच्या फार तर चतुर्थांशापर्यंत मिळते. म्हणजे एंजिनाचा एक टन भार जास्तीत जास्त 250 किलोग्रॅम ओढ देऊ शकेल आणि, हिशेबापुरते पाहिल्यास, स्वतःसह पाच टन वर नेईल. वळणांचा विरोध जमेस धरला, तर प्रत्यक्षात याहून बरेच कमी. रूळ ओले झाले की पकड आणखी घटते. मग रुळांवर वाळू टाकावी लागते. अशा स्थितीत एंजिनाच्या भाराचा एक कणही वाया घालविणे परवडत नाही. म्हणून त्याची सर्व चाके दट्ट्यांच्या बळाने फिरणारी हवीत, आणि पाण्याची टाकीही मागे वेगळी न जोडता एंजिनावरच हवी, म्हणजे तिचा भारदेखील पकडीच्या कामी येतो.

परंतु सर्व चाके एकत्र फिरवावयाची म्हणजे ती जोडदांड्यांनी एकमेकांस बांधली पाहिजेत, आणि त्यासाठी सर्व आस समांतर राहिले पाहिजेत. वळणाची मागणी नेमकी उलट असते. वळणावर प्रत्येक आस वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेला असावा लागतो. समांतर आसांचे एंजिन तीव्र वळणात शिरले, तर त्याची चाके रुळांत आवळली जातात, प्रसंगी रुळावरून उतरतातही. चढाला हवा ताठपणा आणि वळणाला हवा लवचीकपणा, असा हा पेच होता.

पोकळ आसाची युक्ती

माथेरानसाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्याने चार एंजिने घडविली. प्रत्येकास सहा चाके होती व ती सर्व चालक चाके होती. त्यांच्या टोकांच्या आसांना क्लीन व लिंडनर या जर्मन अभियंत्यांची रचना वापरलेली होती. हा आस दुहेरी असतो. आतला भरीव आस चौकटीत आपल्या जागी सरळ राहतो. जोडदांडे त्यालाच जोडलेले असतात. त्याच्याभोवती नळीसारखा पोकळ आस असतो आणि चाके या नळीवर पक्की असतात. दोहोंची गाठ फक्त मध्यभागी, एका गोलाकार सांध्यापाशी पडते. तेथील खिळीमुळे आतला आस फिरला की नळीही फिरते. मात्र नळीची पोकळी आतल्या आसाहून मोठी असल्यामुळे ती थोडी तिरपी होऊ शकते व बाजूलाही सरकते. अशा रीतीने जोडदांड्यांना आस समांतर मिळतात आणि रुळांना चाके वळलेली मिळतात.

जतनाचा अर्थ

1950 नंतरच्या दशकात या मार्गावर डिझेल एंजिने येऊ लागली आणि 1980 नंतरच्या काही वर्षांत वाफेच्या एंजिनांची नित्य सेवा संपली. त्यांपैकी 1907 साली घडविलेले 740 क्रमांकाचे एंजिन इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथील अरुंदमापी रेल्वेच्या संग्रहात पोहोचले. नेरळ स्थानकातही यांतील एक एंजिन चौथऱ्यावर ठेवून जतन करण्यात आले.

चौथऱ्यावरील एंजिन पाहणाऱ्यास धुरांडे दिसते, टाकी दिसते, बाष्पकाचा घेर दिसतो. ज्या युक्तीमुळे ते डोंगर चढू शकले तो पोकळ आस मात्र चाकांच्या आड दडलेला असतो. केवळ रंग देऊन एंजिनाचा देह टिकतो. त्याची रचना समजून घेतली आणि समजावून दिली, तरच त्यातील ज्ञान टिकते. जबलपूर-नैनपूर अरुंदमापी वाहतूक 2015 साली बंद झाली व त्या जागी रुंदमापी मार्ग आला. सातपुड्यातील त्या लहान गाड्या पुन्हा धावावयाच्या नाहीत. नागपूरला मोतीबाग येथे 2002 साली उघडलेल्या अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात त्या युगाच्या खुणा राखून ठेवल्या आहेत. तेथे वा नेरळ येथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने एंजिनासमोर क्षणभर थांबून खाली वाकावे आणि चाकांच्या मधला आस पाहावा. दोन परस्परविरोधी गरजा एकाच यंत्रात कशा नांदविल्या जातात, याचा धडा त्याला तेथे मिळेल.