काटा, चमचा आणि बास्क

शब्द सारखे दिसले की भाषा सख्ख्या बहिणी, अशी समजूत आपल्याकडे बरीच पक्की आहे. ती तपासून पाहायला युरोपातील जेवणाचे मेज ही उत्तम जागा!

लॅटिनमध्ये गोगलगाईच्या शंखाला ‘कोक्लेआ’ म्हणत. त्यावरून चमच्याला ‘कोक्लेआर’ हे नाव पडले आणि त्यातूनच फ्रेंच ‘क्युइयेर’, इटालियन ‘कुक्कियायो’, स्पॅनिश ‘कुचारा’, पोर्तुगीज ‘कुल्येर’ जन्मले. (गोव्याच्या कोंकणीतील ‘कुलेर’ हे या पोर्तुगीज शब्दाचेच लेकरू.)

काट्याची गोष्ट निराळी. जेवताना हाती काटा धरण्याची चाल रोमनांत नव्हती. युरोपभर ती फार उशिरा रुळली. थॉमस कोरिएट या इंग्रज प्रवाशाने १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात इटालियनांच्या काट्याची नवलाई म्हणून नोंद केली आहे. वारशाने आलेला शब्द नसल्यामुळे जो तो आपापल्या परीने बारसे करू लागला. इटालियन ‘फोर्केत्ता’ आणि फ्रेंच ‘फुर्शेत’ म्हणजे गवत उचलायचे दाताळे, पण छोटेसे. स्पॅनिशांचा ‘तेनेदोर’ म्हणजे नुसता ‘धरणारा’. पोर्तुगीज ‘गार्फु’ याहून वेगळाच.

आता बास्क. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना बोलली जाणारी ही भाषा लॅटिनच्या कुळातली नाही. तिचे नाते आजवर कोणत्याच जिवंत भाषेशी सिद्ध झालेले नाही. तरी तिच्यात चमचा ‘कोइलारा’च आहे, आणि वाडग्याला ‘कातिलु’ म्हणतात, तो लॅटिन ‘कातिल्लुस’. पण चमच्याने म्हणायचे झाले तर बास्क माणूस ‘कोइलारास’ म्हणतो. शब्द परका, प्रत्यय घरचा! आपल्या ‘चमच्याने’ या रूपातही वस्तूचे नाव बाहेरून आले आणि ‘ने’ आपला राहिला. कानडी ‘तुप्प’ मराठीत ‘तूप’ झाले. म्हणून मराठी काही द्राविडी ठरली नाही.

काट्यासाठी बास्कने जे केले ते तर फारच मौजेचे. ‘सार्दे’ म्हणजे दाताळे. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘सार्देश्का’ केले. ‘फोर्केत्ता’चीच कल्पना, पण उच्चारात एका अक्षराचेही साम्य नाही. कोशात केवळ ध्वनी जुळवणाऱ्याच्या हातून हे नाते हमखास निसटेल. आणि पेल्याला त्यांचा शब्द आहे ‘एदालोन्त्सि’: ‘एदान’ म्हणजे पिणे, ‘ओन्त्सि’ म्हणजे भांडे.