*कार्ड आहे, तरी खिशातून पैसे का जातात?*



आरोग्य विम्याचं कार्ड काढलं की दवाखान्याचा सगळा खर्च सुटला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. कमी हप्त्याचे किंवा मोफत विमे बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच कामाला येतात.

कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी 'यशस्विनी' योजना सुरू झाली. माणशी वर्षाला ६० रुपये, भर ऑपरेशनवर. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला ३० रुपयांत ३०,००० चं संरक्षण होतं, तेही ॲडमिट झाल्यावरच. आयुष्मान भारतमध्ये रक्कम ५ लाख झाली, पण नियम तोच.

कारण साधं आहे. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं, म्हणून सगळ्यांच्या लहान हप्त्यांतून ते भागतं. ताप, तपासण्या, बीपी-शुगरच्या गोळ्या घरोघरी लागतात. तो खर्च त्यात बसत नाही. घर हळूहळू पोखरतो तो हाच खर्च.

म्हणून एवढं करा:

१) बीपी-शुगरसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
२) माल विकला की औषधपाण्याचे पैसे वेगळे ठेवा.
३) ॲडमिट करण्याआधी दवाखाना योजनेत आहे का, ते १४५५५ वर विचारा.
४) आयुष्मानमध्ये सुट्टीनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं बसतात. मागून घ्या.
५) सोनं गहाण ठेवण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

घरच्यांनाही हा मेसेज वाचून दाखवा. कार्ड कुठे ठेवलंय, ते सगळ्यांना माहीत पाहिजे.