छोट्या कुत्र्याचा गळा आवळू नका

आपल्या वस्त्यांत हल्ली पामेरियन कुत्री दिसतात. दोन-तीन किलोचा जीव, आणि पोरं गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून त्याला फरफटत नेतात. अशा लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. ती दबली की कोरडा ठसका लागतो, कधी कायमचा जडतो. म्हणून आम्ही सांगतो, दोरी छातीच्या पट्ट्यालाच लावा.

आधी पट्टा घालून घरात वावरू द्या. मग गल्लीत न्या, नळावर गर्दी नसेल तेव्हा. त्यानं ओढलं की जागीच थांबा. ओरडणं नाही, झटका नाही. दोरी सैल झाली की चाला. पायाशी नीट चाललं की खाली वाकून उकडलेल्या चिकनचा डाळीएवढा तुकडा द्या. उभ्यानं दाखवाल तर ते उड्याच मारत बसेल! 10 मिनिटं पुष्कळ झाली; आपल्या एका पावलाला त्याची चार पडतात.

बाहेर काढण्याआधी लशी पूर्ण करा. रेबीजची लस 3 महिन्यांचं झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुत्रं छोटं म्हणून चावा हसण्यावारी नेऊ नका. नुसता ओरखडा आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना नको, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.