रानाच्या पोटातली घरं : मुळशी तालुका, पुणे जिल्हा

• कुड : कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर शेणमातीचा लेप. ही भिंत भार पेलत नाही. छपराचं ओझं लाकडी मेढी, आढं आणि वाशांवर. म्हणून कुड ढासळला तरी घर उभं राहतं. लिंपण पावसाळा सरल्यावर.

• कारवी : सह्याद्रीतलं झुडूप. साधारण ७-८ वर्षांनी एकदाच फुलतं, बी धरून वाळतं.

• जोतं : काळ्या दगडाचं, जमिनीपासून उंच, म्हणजे ओल वर चढत नाही.

• छप्पर : आधी गवताचं, नंतर कौलारू. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६०च्या दशकातला. मुळशीतल्या ताम्हिणी घाटात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, पुण्यात सुमारे ७००; त्यामुळे इकडे उतार तीव्र, वळचण रुंद. पागोळ्या कुडापासून लांब पडतात.

• देवराईतलं देऊळ : बहुधा ठेंगणं, कधी नुसता उघड्यावरचा तांदळा (देव म्हणून पुजलेला अनघड दगड). झाड तोडायचं नाही, हा दंडक.

• नवं बांधकाम : महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, १९९७. वास्तुरचनाकार क्रिस्तोफर बेनिंजर. भिंती स्थानिक दगडाच्या, इमारती डोंगरमाथ्यावर विखुरलेल्या.

• ताम्हिणी अभयारण्य : घोषणा २०१३.