वाय-फाय का रेंगाळते?

“पैसे शंभरच्या प्लॅनचे भरतो आणि आतल्या खोलीत धड पंधरासुद्धा येत नाहीत हो!” जुळे सोलापूर असो की अशोक चौक, ज्या घरी मला राउटर बघायला बोलावतात तिथे हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते. बहुतेकांनी तोवर आणखी महागडा प्लॅन घ्यायचे मनाशी ठरवलेले असते. माझे सांगणे एवढेच, की पैसे भरण्याआधी अर्धा तास घर तपासा.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. प्लॅनमधले शंभर म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. संगणकावर फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, तेव्हा शंभरच्या प्लॅनवर साडेबारा दिसले तर कोणी फसवलेले नाही. गंमत म्हणजे २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगालाही ‘ब्रॉडबँड’ म्हटले होते. २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट.

आता दोष बाहेरचा की घरातला, हे ठरवायचे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकीचे मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा आणि वेग मोजा. केबलवरही वेग कमीच असेल तर एकदा फायबरच्या वायरीकडे बघा. ती कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली किंवा कपाटामागे चेपलेली असते. तिच्या आतल्या काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो, आणि तीव्र वळणावर तो वाटेतच सांडतो. वायर ठीक असेल तर मात्र सरळ तक्रार नोंदवा. प्लॅन दोनशेचा आणि वेग नेमका पंचाण्णवच्या आसपास अडकतो, असे असेल तर राउटरचा पोर्ट किंवा केबल शंभरच्याच क्षमतेची आहे, असे समजायला हरकत नाही.

केबलवर वेग पूर्ण आणि खोलीत कमी, असे असेल तर मामला हवेतला. वाय-फाय म्हणजे शेवटी रेडिओच. पण मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब असते, एफएमची साधारण तीन मीटर, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची. ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. लांब लहर घरादाराला वळसा घालून जाते, आखूड लहर भिंतीपाशी दमते. म्हणून माजघरात आकाशवाणी खणखणीत लागते आणि त्याच जागी मोबाइलवरचे चाक गरगर फिरत राहते.

त्यात आपली घरे. जुन्या पेठांमधल्या दगडी भिंती चांगल्या दीड-दोन हात जाड. नव्या घरांत स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या. शिवाय लोखंडी कपाट आहे, पत्र्याची शेड आहे, मोठा आरसा आहे. धातू लहर परतवून लावतो. आणि पाणी! सोलापूरकराला पाणी साठवायला शिकवावे लागत नाही. घरोघरी पिंपे भरलेली. हे पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, म्हणून तो चालू असताना शेजारचे वाय-फाय अडखळते.

पूर्व भागातल्या एका घरातला मुलगा २०२० मध्ये पुण्याहून परत आला आणि घरूनच काम करू लागला. मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायचा. शेवटी साहेबांनी सांगितले, पुढच्या महिन्यापासून पुण्यात येऊन बसा. पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि खाणावळ धरली की पगारातले घरी द्यायला फारसे उरत नव्हते. वडिलांचा यंत्रमाग तेव्हा बंदच होता. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर. तो आणि मुलाची खोली यांच्यामध्ये लोखंडी कपाट आणि दोनशे लिटरची दोन पिंपे! आम्ही पंधरा मीटर केबल आणली आणि राउटर मधल्या दारावर, डोक्याच्या वर टांगला. खोलीतला वेग नऊवरून साठावर गेला. मुलगा अजून सोलापुरातच आहे.

जागा बदलूनही भागले नाही तर पट्टा बघा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण एका भिंतीपुरता. २.४ चा दूरवर पोचतो, पण तिथे गर्दी. (राउटरच्या नावापुढे ‘५जी’ दिसते त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावे लागते.) २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मिळतात: १, ६ आणि ११. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या ओळीने लागून असलेल्या घरांत शेजारच्या दहा राउटरांची भर पडते. वाय-फायमध्ये एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचे, असा साधारण नियम आहे. लांबच्या खोलीतला जुना मोबाइल सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. टीव्ही केबलवर टाकला तरी हवा मोकळी होते.

बाजारात स्वस्त रिपीटर मिळतात. मी ते सहसा सुचवत नाही. साधा रिपीटर तोच मजकूर हवेतून दोनदा पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा केबल ओढून दुसरा राउटर बसवलेला बरा.

उन्हाळ्याचेही लक्षात घ्या. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच हमी असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. पत्र्याखाली, कापडी झाकण घातलेला राउटर दुपारी बंद पडला तर नवल नाही. झाकण काढा.

आणि सकाळी वेग पूर्ण, पण रात्री आठ ते अकरा केबलवरही निम्मा, असे होत असेल तर गर्दी कंपनीच्या वाटेवर आहे. तीन दिवस सकाळ-रात्रीचे आकडे वेळेसह वहीत लिहा आणि तक्रारीसोबत द्या. “नेट स्लो आहे” एवढेच सांगितले तर “राउटर बंद करून चालू करा” एवढेच उत्तर मिळते.